खाऱ्या टाकीतलं गोडं पाणी

समुद्री मासे मेले, तेव्हा आम्ही ती काचेची टाकी धुऊन गोड्या पाण्याने भरली आणि तळाशी पाणवनस्पती लावल्या. जुना प्रवाळाचा दगड मात्र आमच्या यांनी शोभेसाठी आतच ठेवला. आठवड्यात पानं विरघळू लागली. माहेरी बांध फुटून खाडी शेतात शिरली, की पाणी ओसरल्यावरही भात पिवळा पडायचा. शिरलेलं मीठ सहजासहजी जात नाही.

आज नव्या माशांची पिशवी टाकीत तरंगत होती.

"अगं, सोड की आता! पाणी बघ कसं नितळ आहे," हे म्हणाले.

नितळ होतंच. पण काल सोडलेल्या गोगलगायी एकूण एक पाण्याबाहेर, काचेच्या वरच्या कडेला चिकटून बसल्या होत्या.

गाठ न सोडता मी पिशवी बाहेर काढली.