ऑपरेशनआधी भरून घेतलेला आवाज

बायकोच्या गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली आणि ती काढायचं ठरलं, तेव्हा सर्जनने आम्हाला समोर बसवून सगळं नीट समजावलं. आवाजाची नस गाठीला लागूनच जाते. तिला धक्का लागला तर आवाज बसतो. बहुतेकांचा परत येतो, काहींचा नाही.

"म्हणजे वरचा सा?" बायकोने मराठीतच विचारलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, ही गाते, शनिवारी मुलींना शिकवते. तो म्हणाला, काळजी घेईन.

माउंट रॉस्किलला घरी परतताना गाडीत ती म्हणाली, "आधी थोडं गाणं भरून ठेवू या. फोनवर नको. फोनवर माझा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो."

त्या दिवसांत मी नुसता दमलेला असायचो. ऑफिसात नवीन सिस्टम लाइव्ह जाणार होती, मधेच हॉस्पिटलच्या चकरा, मुलीला शाळेत नेणं-आणणं. तरी ऑफिस सुटल्यावर न्यू लिनला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने 'किया ओरा' असा इथला नमस्कार करत दोन रेकॉर्डर पुढे ठेवले. एक खिशात मावणारा, मीटिंगा टिपायला बरा. दुसरा जरा जाड, वर दोन माइक आणि बाजूला स्टीरिओला जोडायची वेगळी खाच. मी विचारलं, "घरच्या मोठ्या स्पीकरवर लावलं तर चांगलं वाजेल?" तो म्हणाला, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे एकदम झकास. मी जाड घेतला. वायर मात्र स्वतःच्या अकलेने उचलली आणि चुकीची उचलली. घरी जोडून बघितलं तर आवाज फक्त डाव्या स्पीकरमधून. परत न्यू लिन.

रविवारी दुपारी लाउंजमध्ये पडदे ओढले, भिंतीला ड्युवे, जाड रजया, टांगल्या. तानपुरा स्टीरिओवर मंद लावला, रेकॉर्डर तिच्यासमोर पुस्तकांच्या चळतीवर ठेवला. तिने यमन सुरू केला. पहिला आलाप झाल्यावर ऐकून बघितलं आणि माझा जीवच गेला. ती थांबली, श्वास घेतला, की मागचा तानपुरा अंगावर धावून येत होता. यंत्र आपल्या मनाने आवाज कमी-जास्त करत होतं. मेनूत शोधशोधून ती सोय बंद केली, पातळी हाताने बांधली. तोवर शेजाऱ्याने गवत कापायचं मशीन सुरू केलं.

"राहू दे आता," ती म्हणाली.

"थांब जरा. तो थांबेलच."

"अरे, तो थांबेल, पण मी दमले ना."

तरीही चहा घेऊन ती पुन्हा बसली. विलंबित पूर्ण गायली, द्रुत मधेच सोडलं. मलाही आणखी ताणायचं त्राण नव्हतं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. गाठ साधी निघाली, हे ऐकून मी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो, चावी लावायचंही सुचेना. पण घरी आलेला आवाज तिचा नव्हता. खरखरीत, अर्ध्या वाक्यात तुटणारा. फोनवर तिच्या आईने विचारलं, "कोण बोलतंय?" त्यानंतर बायकोने फोन घेणंच बंद केलं. शनिवारचा वर्गही बंद. मी एकदा म्हटलं, "लावू का ते रेकॉर्डिंग?" ती म्हणाली, "मी असताना लावू नकोस." मग नाही लावलं.

हिवाळा तसाच गेला. स्पीच थेरपीचे व्यायाम, वाफ, औषधं, पुन्हा तपासण्या. मी कामावरून यायचो, भांडी घासायचो, आणि घरात कुणी गुणगुणत नाही हे रोज नव्याने लक्षात यायचं.

एका दुपारी डेअरीतून दूध घेऊन आलो तर दारातच यमन ऐकू आला, पूर्ण आवाजात. तिने स्वतःच लावला होता. सोफ्यावर गुडघे जवळ घेऊन बसली होती. मी दूध हातात घेऊन तसाच उभा राहिलो. संपल्यावर ती आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "किती घाई करत होते रे मी. निषादावर थांबायलाच तयार नाही."

मी दूध खाली ठेवलं. म्हटलं, "घाबरली होतीस तू."

"हो." मग म्हणाली, "तानपुरा काळी तीनवर लाव. बघू जमतंय का."

ती काळी पाचची गायिका. मी तानपुऱ्याची पट्टी खाली आणली, रेकॉर्डर सुरू केला, हेडफोन लावून समोर जमिनीवर बसलो. ती खालच्या 'सा'वर खूप वेळ राहिली. आवाज फाटत होता, मग थोडा सावरत होता. गंधारापर्यंत पोचली तेव्हा माझे डोळे मिटले. भारावून वगैरे नाही, झोपेने.

जागा झालो तेव्हा अंगावर शाल होती. तिने रेकॉर्डर स्वतःच बंद केला होता आणि स्वयंपाकघरात कुकर लावत होती. मुलगी तेच रेकॉर्डिंग स्टीरिओवर लावून हसत होती. "आई, listen! बाबा's snoring, like, heaps!"

"असू दे," बायको आतून म्हणाली. "पुसू नकोस."

वरचा सा अजून लागत नाही. शनिवारी दोन मुली येतात, त्यांना ती खालच्या पट्टीत गाऊन शिकवते.