येळवशीला आलेला छुपा कॅमेरा

प्रसिद्ध माणसांना छुप्या कॅमेऱ्यापुढे फसवणारा एक कार्यक्रम टीव्हीवर लागतो. तो मी तीन-चार वर्षं नेमाने बघत होतो, हे आधीच कबूल करतो. लातुरात क्लासवर दिवसभर पोरांना रसायनशास्त्र शिकवायचं, घरी येऊन हातपाय धुवायचे आणि ताट घेऊन त्या कार्यक्रमापुढे बसायचं. कुठल्याशा नटीला सांगायचे, तुमच्या गाडीखाली माणूस आला. ती रडायची, लोकांच्या पाया पडायची. मग झाडामागून अँकर टाळ्या वाजवत यायचा आणि सगळे एकमेकांच्या गळ्यात पडायचे. मोठ्या माणसांची तंतरलेली बघायला मला आवडायचं. आपल्याला कोणी विचारत नाही, निदान यांची फजिती तरी होते, एवढाच त्यातला आनंद. हलकटपणाच तो, त्याला दुसरं नाव नाही.

त्या कार्यक्रमात माझा एक जुना विद्यार्थी कामाला लागला होता. आमच्याकडे डॉक्टर व्हायला आला होता. दोनदा परीक्षा दिली, दोन्हीदा आपटला आणि मुंबईला निघून गेला. दिवाळीनंतर त्याचा फोन आला. सर, तुमचं शेत जळकोटच्या अलीकडे रस्त्यालाच आहे ना, येळवस करता ना अजून, घरचे सगळे असतात ना. मला वाटलं, पोराला गावची आठवण झाली. त्याला शूटिंगसाठी जागा हवी होती.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागात गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोप, करायची, तिच्यात पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या पोट फुटेस्तोवर खायच्या. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. शेतातले ओले दाणे आणि असतील नसतील त्या भाज्या बेसनात शिजवलेलं ते घट्टसर कालवण असतं. मुख्य म्हणजे त्या दिवशी बांधावरून जाणाऱ्याला जेवल्याशिवाय पुढे सोडायचं नाही. ओळखीचा असो, अनोळखी असो, वैरी असो. आमचं शेत रस्त्याला लागून, त्यामुळे आमच्याकडे एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टरसुद्धा जेवून गेलेत, प्रवाशांसकट. आणि हे सगळं रांधणार माझ्या वहिनी. त्यांच्या हाताची भज्जी खाल्ली की दुसऱ्याच्या शेतातली गोड लागत नाही, असं पंचक्रोशीत म्हणतात, आणि वहिनी ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात. रस्ता रिकामा होईपर्यंत त्या स्वतः घास खात नाहीत. त्यांच्या सासूने त्यांना तसं शिकवलं होतं. गडीमाणूस, लेकरं, वाटसरू, कुत्रं, सगळ्यांचं झालं की मग त्या बसणार.

विद्यार्थ्याचा बेत असा होता. मालिकेत शेतकऱ्याच्या पोराचं काम करणारा एक नट येळवशीला आमच्या शेतात जेवायला येईल. त्याला वाटेल, हा आपल्या मालिकेच्या जाहिरातीचा भाग आहे. त्याने पोटभर खाल्लं की कोणीतरी पळत येऊन सांगायचं, भज्जीत फवारणीचं औषध गेलं आहे, शेजारच्या शेतात कुत्रं मेलं. मग नटाची होणारी गंमत छुप्या कॅमेऱ्यांत टिपायची. घरच्यांना मात्र अगोदर काही सांगायचं नाही, नाहीतर त्यांचे चेहरे खोटे दिसतात. त्याने मला एक खरं वाटेल असं औषधाचं नाव विचारलं. मी दिलं. रसायनशास्त्राचा मास्तर ना मी! कोणत्या औषधाला वास येत नाही, तेही सांगितलं.

मग वहिनींचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, “सर, पळत येऊन सांगायचं काम तुम्हीच करा. दुसऱ्या कुणी सांगितलं तर काकूंना खरं वाटणार न्हाई.”

मी चढलो हरभऱ्याच्या झाडावर. पन्नाशी उलटलेला माणूस, दीडशे पोरांपुढे रोज बोलणारा, मला टीव्हीवर एक वाक्य मिळणार म्हणून त्या आठवड्यात मी नवा शर्ट शिवला. आरशापुढे उभं राहून मी धापा टाकायची तालीम केली, हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

येळवशीच्या दिवशी सकाळी त्यांची गाडी आली. छुपा कॅमेरा म्हणे! दहा माणसं, चार पेट्या, हातभर लांबीच्या केसाळ कणसासारखे माइक. एक कॅमेरा कोपीच्या कडब्यात खुपसला, एक तुरीत आणि एक माणूस कॅमेऱ्यासकट ज्वारीत जाऊन बसला. रस्त्याने जाणारं प्रत्येक माणूस थांबून बघत होतं. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, मी सांगून ठेवलं होतं की नटाचे लोक फोटो काढायला आलेत. त्याने मान हलवली आणि त्यांना सतरंजी अंथरली. वहिनींना फोटोशी घेणं नव्हतं. त्यांनी फक्त माणसं मोजली आणि बेसन वाढवलं. ज्वारीत एक माणूस मघापासून बसून आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी दादाला हळूच सांगितलं, त्या पाहुण्याचं पोट बिघडलेलं दिसतं, त्याला भज्जी देऊ नका, नुसती आंबील द्या. तांब्याभर आंबील ज्वारीत पोचवली गेली. कॅमेरावाल्याने ती मुकाट्याने पिऊन टाकली.

नट दुपारी आला. काचा वर केलेल्या गाडीतून उतरतानाच त्याने डोळ्यांवरचा काळा चष्मा काढून ड्रायव्हरकडे दिला आणि फेटा चढवला. देगलूरकडचा मूळचा, असं तो मुलाखतीत सांगतो. मी मातीतला माणूस आहे, हे त्याचं आवडतं वाक्य. मातीतला माणूस आमच्या हरभऱ्यात उभा राहून, मेथी छान आलीय, म्हणाला. धोतर त्याला पायात आडवं येत होतं. पण जेवला मात्र मनापासून. वहिनींनी त्याला चारदा वाढलं. त्याच्या पंक्तीला रस्त्यावरची तीसेक माणसं होती, शेजारचा म्हातारा होता, आणि दादाच्या थोरल्या पोराची तीन वर्षांची लेक भज्जीत दोन्ही हात बरबटून बसली होती.

विद्यार्थ्याने तुरीआडून हात हलवला आणि मी बांधावरून पळत सुटलो.

वाक्य मी चांगलं म्हटलं. औषधाचं नावही घेतलं. नटाने हातातला उंडा फेकला, घशात बोटं घातली, मातीत लोळला, आईच्या नावाने हंबरला. त्याच्याकडे कोणी बघतच नव्हतं. शेजारचा म्हातारा उठून बांधाला ओकत होता. बायका मिठाचं पाणी कालवत होत्या. दादाच्या पोराने लेकीला उचललं, उलटं धरलं, तिच्या तोंडात बोट घातलं आणि ती किंचाळत असतानाच तिला मोटारसायकलवर घेऊन जळकोटच्या दवाखान्याकडे निघाला. आणि वहिनी हातात पळी धरून माझ्याकडे बघत होत्या.

“खरं हाय का, भाऊजी?”

त्या वेळी मला नाही म्हणता आलं असतं. ते वाक्य तर माझं म्हणून झालं होतं, पुढे काही लिहून दिलेलं नव्हतं. पण कोपीतला कॅमेरा बरोबर माझ्या तोंडासमोर होता. मी मान हलवली.

 वहिनी हंड्यापाशी खाली बसल्या. पळीने भज्जी काढली, ताटात घेतली आणि खायला लागल्या. सावकाश नाही, भराभरा, घास न चावता. दादा धावला, त्याने ताट ओढलं. त्यांनी त्याचा हात झटकला. लोकांना माझ्या हातचं खाऊ घातलं, आता मी एकटी मागे राहू होय, असं काहीतरी त्या तोंडातल्या तोंडात म्हणत होत्या. त्या दिवशी सकाळपासून त्यांच्या पोटात पहिला घास गेला तो हा.

तेवढ्यात कोपीमागून अँकर निघाला. हातात फलक, अंगावर चमकीचा कोट. टाळ्या, आरडाओरडा, चमचमत्या कागदांचा पाऊस. नट मातीतून उठला, हसला, फेटा झटकला. त्याला एवढ्या लवकर हसू कसं आलं, हे माझ्या लक्षात येण्याआधी माझा विद्यार्थी त्याच्यापाशी पोचला होता आणि म्हणत होता, भाई, कालच्यापेक्षा भारी झालं. कालच्यापेक्षा. म्हणजे आदल्या दिवशी लातूरच्या हॉटेलात त्याने हे मरण गादीवर लोळून बसवलेलं होतं. गाडीत बसण्याआधीच त्याला औषधाचं नावसुद्धा ठाऊक होतं. फसवण्याचा कार्यक्रम ज्याच्या नावाने होता, तो सोडून बाकी सगळे फसले होते. माझी चार वर्षांची रात्रीची जेवणं आठवून मला किळस आली. ज्यांची फजिती बघत मी ताट चाटूनपुसून खात होतो, त्यांनी ती पैसे घेऊन केलेली होती.

दादाने एका माणसाला पोराच्या मागे जळकोटला पिटाळलं. वहिनी तशाच बसून होत्या. त्यांना काय झालं ते दोनदा समजावून सांगावं लागलं. गंमत होती काकू, औषध वगैरे काही नाही, हे सगळं टीव्हीसाठी होतं. त्यांना आधी काही उमगलं नाही आणि उमगलं तेव्हा त्यांनी पदराने तोंड पुसलं.

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, म्हणतात ना, तसं पुढचं झालं. विद्यार्थी कॅमेऱ्यात बघून आला आणि म्हणाला, नटाची पाठ आडवी आली, काकूंचं खाणं नीट दिसत नाही. एकदा परत घेऊ. त्याने वहिनींपुढे उकिडवं बसून अगदी अदबीने सांगितलं, काकू, मघा खाल्लंत ना, तसंच पुन्हा खायचं, फक्त तोंड इकडे करून.

वहिनींनी पळी त्याच्या हातात दिली. “माजं एकदा मरून झालं, बाबा. आता तुमी खावा.”

त्या कोपीत जाऊन पांडवांपुढे बसल्या त्या संध्याकाळपर्यंत बाहेर आल्या नाहीत. नात दवाखान्यातून हसत परत आली तेव्हा तिला मांडीवर घेतलं, एवढंच. हंड्यात अर्धी भज्जी शिल्लक राहिली. रस्त्यावरून माणसं जात होती, त्यांना कोणी हाक मारली नाही. आमच्या शेतात असं कधी घडलेलं नव्हतं.

फाल्गुनात तो भाग टीव्हीवर लागला. मी बघितला, बघितल्याशिवाय राहवलं नाही. नट पाच मिनिटं मेला. म्हाताऱ्याच्या ओकण्याला ढोलकी लावली होती. वहिनींचं खाणं पाठीमागून का होईना, दाखवलंच. ते दुप्पट वेगाने पळवलेलं होतं, त्यामुळे त्या यंत्रासारख्या घास कोंबताना दिसत होत्या, आणि खाली लिहिलं होतं, ‘काकूंची भूक लई मोठी’. माझं वाक्य कापलं होतं. नव्या शर्टाची पाठ तेवढी दोन क्षण दिसली. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये पोरांनी टाळ्या वाजवल्या, सहकाऱ्यांनी चहा मागितला. लातुरातल्या सुशिक्षित माणसांनी मला विचारलं की नट प्रत्यक्षात उंच आहे का. एकानेही विचारलं नाही की त्या बाईचं पुढे काय झालं. मी त्यांना मनात शिव्या दिल्या, आणि चहा पाजला.

वहिनी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. मी गावी गेलो की पूर्वीसारखाच पाण्याचा तांब्या यायचा. दादाही पिकापाण्याचंच बोलायचा. दोन-चार महिने गेले आणि माझ्या मनाने धरून टाकलं, विसरले असतील. विसरायची घाई ज्याने केलंय त्यालाच असते.

पुढच्या वर्षी येळवस आली. दादाच्या धाकट्या पोराचं लग्न उन्हाळ्यात झालं होतं. सून देगलूरकडची, नवी नवरी, आमच्या शेतातली तिची ही पहिलीच येळवस. पंगत बसली. वहिनी हंड्यापाशी आल्या. त्यांनी पळी भरली, थोडी भज्जी स्वतःच्या तळहातावर घेतली आणि सगळ्यांच्या देखत खाल्ली. क्षणभर थांबल्या. मग पहिल्या ताटात वाढलं. पुढच्या पंक्तीला तेच. रस्त्यावरून नवा माणूस आला की पुन्हा तेच. आंबिलीच्या बिंदग्याचं झाकण काढलं, तेव्हा आधी घोटभर त्यांनी घेतली. सगळ्यांच्या मागून जेवणारी ती बाई सगळ्यांच्या आधी खात होती. वाटसरूंना वाटत होतं, असेल यांच्या घरची पद्धत.

सुनेलाही तसंच वाटलं. पोरगी शिकलेली, चौकस. घरात शिकलेला माणूस म्हणजे मी, म्हणून तिने मलाच विचारलं की आमच्याकडे माहेरी असं करत नाहीत, तुमच्याकडे ही रीत कधीपासून आहे. पंगत ऐकत होती. दादा ताटाकडे बघत होता. 

उत्तर वहिनींनी दिलं, वाढता वाढता, माझ्याकडे न बघता. “तुज्या चुलत सासऱ्यानं पाडलेली रीत हाय, बाई. शिकून घे.”

सुनेने माझ्याकडे आदराने बघितलं. डोक्यावरचा पदर पुढे ओढला, वहिनींच्या हातातून पळी घेतली, थोडी भज्जी आपल्या तळहातावर घेऊन खाल्ली आणि मग माझ्या ताटात वाढली.