पानाची बाहुली आणि मावशीचा हट्ट

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी निपाणीत माझी वाचा गेली... म्हणजे घरच्यांना तसं वाटत होतं. मी तेव्हा सात वर्षांची. आज शहाऐंशीची आहे आणि नातीच्या मोबाईलवर एका बोटानं टाईप करतेय, चुका पोटात घाला.

आमच्या गावी, बोरगावला आईला साथीचा ताप आला, तेव्हा मला निपाणीला मावशीकडे धाडलं. आठ दिवसांत आई गेली. तिला शेवटचं बघायला मला कुणी नेलं नाही, नीट सांगितलंही नाही... मी हट्टी, म्हणूनच आईनं मला घालवून दिलं, असं मी मनाशी धरून बसले. तेव्हापासून बोलेनाशी झाले.

मावशी घरी विड्या वळायची. पानं कातरून उरलेल्या तुकड्यांची मी बाहुली करायची, विडीच्याच दोऱ्यानं बांधायची. मग तिला निजवून तोंडावर चिंधी टाकायची. रोज तोच खेळ.

शेजारची आक्का म्हणाली, "अभद्र खेळ हाय ह्यो. मोडून टाक ती भावली."

"न्हाय मोडणार," मावशी म्हणाली. "तोंडानं बोलंना, तर खेळातनं तरी बोलू दे लेकराला."

हट्टीपणा आमच्या घराण्यातलाच. दुसऱ्या दिवसापासून दुपारी विड्यांचं सूप बाजूला सारून मावशी माझ्यासमोर मांडी घालून बसू लागली. रोज एकच विचारायची, "मी कोण हुऊ गं?"

मी बाहुलीवरची चिंधी सारखी करत राहायची. पंधरा दिवस असेच गेले... तिनं हट्ट काही सोडला नाही.

मग एका दुपारी मी म्हणाले, "तू मी हो. मी आई."

माझा आवाज ऐकून मावशीचे डोळे भरले, पण खेळ तिनं मोडला नाही. बारीक आवाज काढून विचारलं, "आई, मला का धाडलंस गं?"

मी बाहुलीच्या तोंडावरची चिंधी काढली आणि म्हणाले,

"तुला ताप यिऊ नये म्हणून."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आई झाल्यावर आपोआप कळलं... मग मावशीच्या मांडीवर पडून पोटभर रडले.

आता माझी नात बेळगावात मुलांना खेळातून बोलतं करते. प्ले थेरपी म्हणतात म्हणे. ती सांगते, काही मुलं लवकर खुलत नाहीत, आई-वडील कंटाळतात. त्यांच्यासाठीच हे लिहिलं.

कंटाळू नका. मावशी चौदाव्या दिवशी कंटाळली असती, तर मी आजही आईवर रुसूनच बसले असते.