निकाल सांगू नका
मुलांनो, परवा सकाळी युरोपातल्या क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेचा निकाल तुम्ही फोनवर सांगू लागलात आणि मी फोनच ठेवून दिला, त्याचं कारण लिहिते. अंतिम सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दिसतो. एका वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनमुळे तुमच्या आजोबांना जागरण मना होतं, म्हणून आरमोरीच्या घरी त्यांनी तो सकाळी, निकाल न ऐकता बघायचं ठरवलं आणि सगळ्यांवर संशय घेऊ लागले. "तू हसून राह्यली. तुले माहीत आहे," मला म्हणाले. मला काहीच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात शेजारचे टेलरभाऊ, विरुद्ध क्लबाचे पक्के चाहते, तुपातल्या गरम शेवया घेऊन आले. आजोबांचा चेहरा पडला. "जिंकला वाटते तुमचा क्लब? नाईतर शेवया काऊन?" "खा ना भाऊ, थंड होऊन राह्यल्या," म्हणत टेलरभाऊ शेजारी बसले. आजोबांनी घासही न घेता, हरल्यासारखं बसून सगळा सामना पाहिला. शेवटी गोल झाला तो त्यांच्याच क्लबाचा! "फसवलं ना मले!" आजोबा ओरडले. टेलरभाऊ म्हणाले, "मी तं रात्रीच रडून घेतलं. तुमची मजा काऊन खराब करू?" आता ते दोघंही नाहीत. टेलरभाऊंची बायको आणि मी अंतिम सामना अजूनही सकाळीच बघतो, एकमेकींवर संशय घेत.