अतिपोकाने उसवलेलं मडकं

थांब, ते खोड. मडक्यापासून नको सुरू करूस, तिच्या हातांपासून कर. मडकं मागाहून येतंच. हं, लिही. अतिपोकाचे हात रुंद होते, अंगठे पुरुषासारखे जाड, आणि डावा अंगठा जरा वाकडा, लहानपणी त्यावर दगड पडला होता म्हणून. तिने केलेल्या प्रत्येक मडक्याच्या गळ्यावर त्या वाकड्या अंगठ्याचा ठसा असायचा. बाजारात बायका गळ्यावरून बोट फिरवायच्या आणि म्हणायच्या, "हे थोरलीचं."

थोरली म्हणजे माझी थोरली जाऊ. तुझ्या आजोबांच्या मोठ्या भावाची बायको. ह्या अंगणात ती माझ्याआधी नऊ वर्षं आली. मूल झालं नाही तिला. नवरा गेला, तरी माहेरी परत गेली नाही. "कशाला जाऊ? माझी माती इथे आहे," म्हणायची. माती म्हणजे ओढ्याकाठची ती काळी चिकट माती बरं का, दुसरं काही मोठं समजू नकोस.

आणि जीभ! मुखियाचा मुलगा एकदा चारचौघांत म्हणाला, "काकू, तुमचं मडकं गळतं." ही म्हणाली, "मडकं नाही गळत बाबा. तुझी बायको ओढ्यावर कुणाशी तरी बोलत बसते आणि घाईघाईत येताना अर्धं पाणी सांडते." त्यानंतर त्याने मडक्याचा विषय कधी काढला नाही.

तर त्या वर्षी धुळीचा वारा सुटायच्या दिवसांत विद्यापीठाची माणसं आली. आपल्या भुईमुगाच्या शेताच्या कडेची माती वाहून गेली होती आणि खाली दगडांचं एक गोल कडं उघडं पडलं होतं. त्यांची मुख्य होती झिफा, दक्षिणेकडची, समुद्राच्या बाजूची. पॅन्ट घालायची, पण रीत जाणायची. आधी मुखियाकडे मानाच्या कोलाच्या बिया घेऊन गेली, मग अकुरुगुकडे गेली. अकुरुगु आपल्या जमिनीचा पुजारी, त्याने जमिनीला विचारल्याशिवाय इथे कुणी खोल खणत नाही. त्याने कोंबडं कापलं, जमिनीला विचारलं आणि सांगितलं, "हाडं बघा, मोजा, पण हाडं इथून हलायची नाहीत."

झिफा हो म्हणाली आणि तिने शब्द पाळला. हाडं जशी निघाली तशी परत निजवली. पण मडक्यांचं कुणी विचारलंच नाही, आणि न विचारलेल्याचं उत्तर देणाऱ्यातला अकुरुगु नव्हे.

त्या कड्यात एक म्हातारी निघाली. दात बघून झिफाने सांगितलं, म्हातारीच, आणि आठशे-हजार वर्षांपूर्वीची. तिच्या छातीवर खापरांचा हा ढीग! खापरं धुवायला गावातल्या बायका लावल्या. आम्ही सहाजणी बाभळीखाली ओळीने बसायचो, पुढ्यात भोपळ्याच्या तुंब्यात पाणी, हातात दात घासायचा ब्रश. मी तर हसून हसून बेजार. माझ्या स्वतःच्या दातांना कधी ब्रश लागला नव्हता!

थोरली नाही हसली. ती एकेक खापर अंगठ्याखाली धरायची. "हा काठ. हे पोट. हे बुडाजवळचं, बघ, जाड आहे. आणि हे बाहेरचंच, दुसऱ्या मडक्याचं, फेक." झिफा आपली वही घेऊन तिच्या मागे मागे.

"मावशी, हे तुम्हाला कसं कळतं?"

"तुला तुझ्या घरातला जिना अंधारात कसा कळतो?"

पिळाची दोरी ओल्या मातीवर फिरवून आपण नक्षी काढतो ना, तसलीच नक्षी त्या खापरांवर होती. पीळ कुणीकडे झुकलाय ते बघून थोरली तुकडे लावत गेली. दोन दिवसांत तिने वाळूत आख्खं मडकं पसरून मांडलं, सोललेल्या संत्र्याच्या सालीसारखं. झिफाने शिडीवर चढून फोटो काढला. थोरलीची मान अशी ताठ झाली होती की मी म्हटलं, "बाई, आता त्या मानेवरच घागर ठेव."

मग तिने बुडाजवळची एक जागा झिफाला दाखवली. तिथून सगळ्या भेगा फुटल्या होत्या. "हे मातीच्या भाराने नाही फुटलं. एका फटक्यात फोडलंय. तिच्या लेकीने."

हे तुला माहीत आहे, पण वाचणाऱ्याला नसेल, म्हणून लिही. आपल्याकडे म्हातारी मेली म्हणजे लगेच गेली असं नसतं. शेवटचा विधी होईपर्यंत ती अंगणातच असते, पाहुण्यासारखी. मग तिची थोरली लेक, लेक नसली तर जाऊ किंवा सून, तिचं मडकं एका फटक्यात फोडते. तेव्हा तिचा पाय इथून निघतो. ते तुकडे पुन्हा कुणी एकत्र करायचे नसतात. केले तर तिला हाक मारल्यासारखं होतं.

आणि थोरलीने ते केले होते! मी तिला तेव्हाच म्हटलं. ती म्हणाली, "वाळूत मांडणं म्हणजे जोडणं नव्हे, धाकटे. मी नुसतं बघितलं." पण तिचं तिलाच पटलं नव्हतं. हातांच्या गर्वाने चूक झाली होती तिची. जाताना झिफाने खापरं खोक्यात भरली आणि म्हणाली, "संग्रहालयात नीट जपून ठेवू." थोरलीला वाटलं, खोक्यातच राहतील.

दोन वर्षं गेली. एक दिवस तुझ्या काकाच्या फोनवर फोटो आला. काचेच्या पेटीत, वरून दिवा सोडलेला, आणि आत ते मडकं. आख्खं! पोट फुगवून उभं! सगळं गाव आनंदलं. मुखिया तर फोटो दाखवत सगळीकडे फिरला. थोरली अंबाडीच्या पाल्याचं कालवण जेवत होती. तिने फोटो बघितला आणि वाडगं खाली ठेवलं.

"ती परत आली असेल," ती म्हणाली. "हाडं इथे, मडकं तिथे. बिचारी मध्येच कुठेतरी उभी असेल. आणि हाक मी मारली."

मुखियाकडे गेली. तो म्हणाला, "थोरले, आता रस्त्यावर गावाच्या नावाची पाटी लागणार आहे. पाहुणे येतील. उगाच खोडा घालू नकोस."

"पाहुणी आधीच आलीये. तिला जाता येत नाहीये," ही म्हणाली.

अकुरुगुकडे गेली. तो म्हणाला, "मला हाडांचं विचारलं, मी हाडांचं सांगितलं. ज्याने जोडलं त्याने सोडवावं." झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघी दक्षिणेकडे, संग्रहालयाच्या शहराला जाणाऱ्या बसमध्ये. बरोबर काय, तर बाजरीच्या पिठाची पुरचुंडी, एक तुंबा आणि थोरलीचं तोंड. तरुणपणी ती कोकोच्या मळ्यांवर कामाला गेली होती, त्यामुळे तिकडची भाषा तिला येत होती. भांडण्यापुरती तर छानच येत होती.

संग्रहालयात क्वान्सा नावाचा साहेब होता. फुटलेलं जोडायचं हेच त्याचं काम. चांगला माणूस होता, खोटं कशाला बोलू. आम्हाला खुर्ची दिली. थोरली खुर्चीवर बसली नाही.

"ते मडकं सोडव," ती म्हणाली.

"आजी, आठ महिने लागले मला ते जोडायला."

"तू नाही जोडलंस. मी जोडलं. तू नुसता डिंक लावलास."

त्याचे कान लाल झाले. "आजी, हे मडकं आता सगळ्या देशाचं आहे."

"देशाला मडकं हवंय होय? मग आधी सांगायचं! दहा करून देते. न गळणारी. हे देशाचं नाही, हे एका बाईचं आहे, आणि तिच्या लेकीने ते फोडलंय. लेकीच्या हातचं काम तू पुसून टाकलंस."

"त्याचा फोटो सगळ्या भिंतींवर लागलाय. मला असं काही करता येणार नाही."

"बरं," म्हणत थोरली उठली, बाहेरच्या दालनात गेली आणि काचेच्या पेटीसमोर जमिनीवर मांडी घालून बसली. तुंब्यात पाणी घेऊन बाजरीचं पीठ कालवलं आणि पेटीच्या पायाशी ठेवलं, पाहुण्याला देतो तसं. पहारेकरी धावत आला. "आत खायला-प्यायला बंदी आहे!"

"मी कुठे पितेय? ते तिच्यासाठी आहे. तिला सांग बंदी आहे म्हणून."

पहारेकऱ्याने पेटीकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं आणि मागे सरकला. संध्याकाळी दार बंद करताना त्यानेच विनवून विनवून आम्हाला बाहेर काढलं आणि आपल्या बहिणीच्या घरी झोपायला नेलं. सकाळी दार उघडलं की थोरली पुन्हा पेटीसमोर. दुसऱ्या दिवशी शाळेची मुलं आली. गुरुजी पाटी वाचायला लागले तर थोरली म्हणाली, "ती पाटी चुकीची आहे, इकडे या." अर्ध्या तासात सगळी मुलं तिच्याभोवती, आणि गुरुजी सगळ्यात पुढे. मुलांनी घरी जाऊन सांगितलं असणार, कारण संध्याकाळी बायका आल्या, केंके म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उंडे घेऊन, नुसत्या आम्हाला बघायला. क्वान्सा दारात उभा राहून डोकं खाजवत होता.

तिसऱ्या दिवशी झिफा आली. येताच थोरलीच्या पाया पडल्यासारखी खाली बसली. "मावशी, मी वहीत सगळं लिहिलं होतं. लेकीने फोडलं, हेसुद्धा."

"लिहिलंस, पण बोलली नाहीस. वही काय, वही तर तोंड मिटूनच असते. आणि ह्याने चूकही केलीये, ती बघ. गळ्याखालचा तो तुकडा. सगळ्यांचा पीळ उजवीकडे झुकलाय, त्याचा एकट्याचा डावीकडे. तुकडा फिरवून आडवा बसवलाय बाबाने."

क्वान्सा म्हणाला, "शक्य नाही." झिफाने वाळूतल्या मडक्याचा तो जुना फोटो बाहेर काढला. तिघं फोटोवर वाकली, मग काचेवर वाकली, मग पुन्हा फोटोवर. क्वान्साने काचेवर बोटाने त्या तुकड्याचा पीळ गिरवून बघितला. शेवटी म्हणाला, "तुकडा काढावा लागेल. आमचा डिंक औषधाने सुटतो, मुद्दाम तसलाच वापरतो. चूक झाली तर सुधारता यावी म्हणून."

थोरलीने झिफाकडे बघितलं. "सुटतो? फोडावं लागणार नाही?"

"नाही मावशी."

"मग फोडायचंच कशाला? फोडायचं काम तिच्या लेकीने कधीच केलंय. मला फक्त माझी चूक उसवायचीये." आणि क्वान्साला म्हणाली, "आधीच सांगून ठेवते. मला जवळ बसवलंस तर मी एका तुकड्यावर थांबायची नाही. मग तक्रार चालणार नाही."

त्याला वाटलं असणार, म्हातारी उगाच बडबडतेय. त्याने आत मडकं टेबलावर ठेवलं, कापसाला औषध लावलं. नखांचा रंग पुसायच्या पाण्याचा असतो तसला वास. तो आडवा तुकडा हळूच सुटला. थोरलीने दुसरा कापूस उचलला आणि शेजारच्या जोडावर धरला.

"आजी! बास! एकच!"

"एक निघाला की शेजारचा सैल होतोच. घर असंच असतं."

त्याने तिचं मनगट धरलं. ती हलली नाही. झिफाही जागची हलली नाही, तिने नुसती औषधाची बाटली थोरलीच्या बाजूला सरकवली. मी बघितलं ते.

"मला नोकरीवरून काढतील," क्वान्सा म्हणाला.

"काढलं तर माझ्याकडे ये. माती कालवायला माणूस हवाच आहे. तुझी आई आहे का?"

"आहे."

"तिला विचार, तिच्या लेकीने केलेलं काम कुणी परक्याने उलटवलं तर तिला चालेल का. तोवर कापूस दे."

मग त्याने मनगट सोडलं आणि स्वतःच कापूस भिजवून तिच्या हातात दिला. दुपारपर्यंत सगळं मडकं सुटलं. एकही तुकडा नव्याने मोडला नाही. थोरलीने प्रत्येक तुकड्याला कपाळ लावलं. शेवटचा तुकडा ठेवून ती म्हणाली, "जा बाई. माझंच चुकलं होतं."

मग तिने अटी घातल्या. तुकडे पेटीत ठेवा, लोकांना बघू दे, पण वाळूवर, एकमेकांना न भिडवता. आणि पाटीवर लिहा, हे मडकं एका लेकीने मुद्दाम फोडलं. झिफाने पाटी लिहिली. क्वान्साची नोकरी गेली नाही, नुसती बोलणी खावी लागली. भिंतीवरचे फोटो मात्र त्यांना बदलावे लागले. गावात मुखियाने थोरलीशी वर्षभर बोलणं टाकलं. ती म्हणायची, "कानांना तेवढाच आराम."

मागच्या कोरड्या दिवसांत थोरली गेली. शेवटच्या विधीला तिचं मडकं मी आणलं, गळ्यावर वाकड्या अंगठ्याचा ठसा असलेलं. फटका एकच मारला. दुसरा लागला नाही.

आता हे का लिहून घेतेय ते लिही. क्वान्सा निवृत्त झाला. त्याच्या जागी कुणी नवा आलाय आणि त्याला ते तुकडे पुन्हा जोडायचेत म्हणे, फोटो चांगला येतो म्हणून. मी त्याला ओळखत नाही आणि मला लिहिता येत नाही. म्हणून जो कुणी हे वाचेल, त्याने तिथे जावं आणि त्याला माझा एवढा निरोप द्यावा. बाबा, ते फुटलेलं नाही, फोडलेलं आहे. तसंच राहू दे. आणि नाहीच ऐकलं, तर त्याला सांगा, अतिपोकाची धाकटी जाऊ अजून जिवंत आहे, आणि कुठली बस पकडायची ते तिला माहीत आहे.