सुमनने परत केलेलं वाक्य

माझी धाकटी जाऊ सुमन समोरच्याचा प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायची. मी पदर सावरेपर्यंत हिचं बोलून झालेलं असे. वर मलाच विचारायची, "ताई, तोंड काय नुसतं जेवायला दिलंय?" ती दहावी शिकलेली, मी चौथी, पण माझा जळफळाट त्यावरून नव्हता. लोक तिच्याकडे बघून बोलत, त्यावरून होता.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजातल्या एक मॅडम कशेळ्याहून जीपने गावात आल्या. भातावरच्या रोगांची माहिती देणारं मोबाईलमधलं ॲप बायका वापरतात का, यावर त्यांचं संशोधन होतं. त्यांच्या कागदावर दोन चौकोन होते, 'सोपं वाटतं' आणि 'वापरतात', मध्ये बाण, म्हणजे सोपं वाटलं की बायका वापरतात. त्यांनी आधी भरून घेतलेल्या फॉर्मवर आम्ही सगळ्यांनी 'सोपं'वर खूण केली होती, तरी वापरत कुणीच नव्हतं. म्हणून तो बाण खरा की खोटा, ते त्या आता आमच्याशी बोलून तपासत होत्या.

फॉर्म भरला त्या दिवशी भांडी घासताना मी सुमनला म्हटलं होतं, "अवघड हाय म्हटलं तर आपणच अडाणी ठरतो. म्हणून सोपं म्हटलं." ओटीवर सुमनने मॅडमना तेच, माझ्याच शब्दांत सांगितलं. मॅडमनी बाण खोडला. मी चहाचे कप उचलून आत गेले. त्यानंतर कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलले नाही.

महिन्याने मॅडम परत आल्या. जिचं बोलणं लिहिलंय तिला ते वाचून दाखवायचं, बरोबर आहे ना विचारायचं, अशी त्यांची पद्धत. सुमनला तिचं वाक्य वाचून दाखवलं. पहिल्यांदाच ती उत्तर देण्याआधी थांबली.

"बरोबर हाय. पण माझं नाय, ताईंचं हाय. त्या बोलत नाय, म्हणून मी बोलले."

मॅडम माझ्याकडे वळल्या. हो म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं, "मला नाय आठवत." वाक्य तिच्याच नावावर राहिलं. वर मॅडमनी तिच्या खरेपणाचं कौतुक केलं. माझं मला देतानाही तीच मोठी झाली.

भावजींना कारखान्यात नोकरी लागली, तशी सुमन मोहोपाड्याला राहायला गेली. परवा दुसऱ्या कुणी बाई तसाच फॉर्म घेऊन आल्या. मी 'अवघड'वर खूण केली. बाईंनी कागद न बघता गठ्ठ्यात ठेवला. सुमनच्या हातचा असता तर वाचला असता.