रिठदचे किरण सर

“मुकी हाय वाट्टे पोरगी.”

हे माझ्याबद्दल चाललं होतं. जऊळक्याला दोन बायका डब्यात चढल्या, त्यांतली थोरली धाकटीच्या कानात सांगत होती. पण वऱ्हाडातलं कानात सांगणंही चार बाकांपर्यंत पोचतं. तिने मला तीन प्रश्न विचारले होते. कुठून आली, कोणाकडे चालली, आणि मांडीवरच्या खाकी कागदात काय आहे. तिन्ही वेळा मी हसून मान हलवली होती. यावर आता तिने निकाल दिला आणि दया येऊन ओल्या हरभऱ्याचा एक डहाळा माझ्या हातात ठेवला. मी तोही मान हलवूनच घेतला.

मुकी मी नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी घरातली आणि पुस्तकातली. कागदावर माझं मराठी सरळ चालतं, तोंडात आलं की अडखळतं. शिवाय अनोळखी माणसाने प्रश्न विचारला की मी आधी त्याच्याकडे नीट बघून घेते, आणि तेवढ्यात उत्तर द्यायची वेळ निघून जाते.

मांडीवर होतं ते मानपत्र, काचेच्या चौकटीतलं. पुण्यात मी एम.एस्सी. करते आणि विभागाच्या माजी विद्यार्थी कक्षात अर्धा दिवस काम करते. नाव काढलेल्या विज्ञान पदवीधरांचा आमचा विभाग सत्कार करतो. यंदाच्या पाच जणांपैकी चौघे समारंभाला आले. पाचवे किरण इंगळे, रसायनशास्त्राचे पदवीधर. रिसोड तालुक्यातल्या रिठदला आपल्या गावी परत जाऊन, घरातच प्रयोगशाळा थाटून, आयुष्यभर शेतकऱ्यांची माती तपासून देणारे. त्यांचं नाव एका जुन्या विद्यार्थ्याने पत्र लिहून सुचवलं होतं: ‘किरण इंगळे हे काम गाजावाजा न करता करतात, त्यांचा विचार व्हावा.’

मी त्यांना तीनदा फोन केला. खर्जातला आवाज, मोजकं बोलणं. “मी दिवसभर वावरात असतो (वावर म्हणजे शेत), संध्याकायी फोन करत जा.” पुण्याला येणं जमणार नाही म्हणाले. द्यायचंच असेल तर इकडे या, शाळेत चार माणसं जमवू. दर वेळी शेवटी “बरं, ठेवतो मी,” आणि फोन बंद. किरण सर मला फोनवरच आवडले. मानपत्राचा मजकूर मी लिहिला होता, म्हणून तो पोचवायलाही विभागप्रमुखांनी मलाच पाठवलं.

वाशीम स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने चौकट स्वतःच्या सीटशेजारी उभी केली. मी काळजीने तिच्याकडे बघत होते. “काहून घाबरता मॅडम, मागच्या हप्त्यात याच गाडीतून आरसा नेला, अख्खा,” तो म्हणाला आणि खड्ड्यात गेला. चौकट वाचली, माझी पाण्याची बाटली मात्र रस्त्यावर उडाली. बसस्थानकावर मी फलाट विचारण्याऐवजी पाट्या वाचत बसले आणि त्या नादात रिसोडची एक गाडी डोळ्यांसमोरून गेली. दुसरी मिळाली.

संक्रांत नुकतीच झाली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गहू आणि हरभरा, मधूनच वाळत आलेली तूर. सोयाबीन केव्हाच निघून गेलेलं, त्याच्या कुटाराचे (मळणीनंतरच्या भुशाचे) पिवळे ढीग बांधावर पडलेले. नांगरलेल्या तुकड्यांतली माती इतकी काळी की ओली वाटावी. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, पण माती मी पाहिली ती काचेच्या बशीत, दहा ग्रॅम. इथे ती क्षितिजापर्यंत होती.

रिठदला उतरले तेव्हा थांब्यावर एक बाई मोपेडला टेकून उभ्या होत्या. पंचावन्नच्या आसपासच्या. सुती साडी, वर लांब बाह्यांचा पुरुषी शर्ट, डोक्याला रुमाल, बोटांवर पिवळे डाग. मी त्यांच्या पलीकडे पाहिलं, सर कुठे दिसतात का म्हणून.

“किरण इंगळे कुठे आहेत?” अखेर मी विचारलं.

“समोरच उभे हायेत,” त्या म्हणाल्या. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी रुमाल सोडला. “फोनवाली पोरगी तूच नं? बस मागं. ते काच नीट धर, गाडी मी चालवतो.”

त्या ‘चालवतो’सरशी तीन फोनमधले सगळे ‘असतो’, ‘येतो’, ‘ठेवतो’ एका रांगेत उभे राहिले. वऱ्हाडात बाईसुद्धा ‘मी जातो, मी करतो’ म्हणते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पदवीधरांच्या यादीत ‘इंगळे के. व्ही.’ एवढंच होतं. पत्रातलं ‘करतात’ हे बाई-पुरुष दोघांनाही चालतं. उरलेलं मी ठरवलं होतं. आणि जे ठरवलं ते आता सोनेरी अक्षरांत, काचेच्या आत, माझ्या छातीशी होतं: ‘श्री. किरण इंगळे, या मातीचे थोर सुपुत्र.’

मोपेडवर वाऱ्याने त्यांचे शब्द तुटत होते, तरी एवढं ऐकू आलं: “तू तीनदा सर म्हनली. मले वाटलं, पुन्यात बाईलेही सरच म्हनत असतील.”

घराच्या पुढच्या खोलीत प्रयोगशाळा होती. लाकडी मांडणीवर मातीचे शेकडो नमुने, खिडकीशी ब्युरेट (थेंबाथेंबाने द्रव सोडायची काचेची नळी), भिंतीवर गावाचा हाताने काढलेला नकाशा. त्यात प्रत्येक वावर वेगळ्या पेन्सिलीने रंगवलेलं. मी एवढी व्यवस्थित प्रयोगशाळा विद्यापीठातही पाहिलेली नाही. किरणताई सेंद्रिय कर्ब मोजत होत्या. त्यांनी ब्युरेट माझ्या हातात दिली. फ्लास्कमधला गडद जांभळा रंग तसाच राहिला, राहिला, आणि एका थेंबाला झटकन हिरवा झाला. “थांबली बराबर,” त्या म्हणाल्या. “एक थेंब जास्त गेला की सगळं पुन्हा करा लागते.”

मातीचे नमुने पाकिटांत भरलेले होते. टपालाने आलेली जुनी पाकिटं, पाठीवर कास्तकाराचं (शेतकऱ्याचं) नाव आणि वावराचं नाव. मी एक उलटं केलं. पुढच्या बाजूला छापलं होतं, ‘श्री. किरण इंगळे’. दुसरं उलटं केलं. ‘श्री.’ तिसरं, चौथं. रसायनं पाठवणारे दुकानदार, शेतीची मासिकं, चर्चासत्रांची आमंत्रणं.

“पहिलेपहिले मी उलटं पत्र लिहायचो, की बाप्पा मी बाई हाय,” किरणताई म्हणाल्या. “मग सोडून देलं. पाकीट चांगलं जाड असते, मातीले बरं पडते.”

त्या हसत होत्या, म्हणून मीही हसले. पण खाकी कागदाची गाठ मी आणखी एकदा आवळली.

तेवढ्यात बाहेर दुसऱ्या गावचा एक शेतकरी पिशवी घेऊन आला. अंगणात किरणताईंचे धाकटे भाऊ बंडूभाऊ पंप उघडून बसले होते. शेतकऱ्याने त्यांनाच हात जोडले, साहेब, माती आणली म्हणाला. “मी तं दहावी नापास,” बंडूभाऊ मान वर न करता म्हणाले, “साहेब आतमंदी हायेत.” शेतकरी आत आला, माझ्याकडे आणि ताईंकडे बघून गोंधळला, आणि साहेब कधी येतील म्हणून त्याने ताईंनाच विचारलं. ताईंनी त्याच्या हातातली पिशवी घेतली, माती चिमटीत चोळली आणि सांगितलं की बांधाजवळची आणलीस, मधली आण. तो गेला तेव्हा तिथे साहेब नाहीत याची त्याला खात्री पटलेली नव्हती.

मी मागच्या अंगणात जाऊन विभागप्रमुखांना फोन लावला. ते वैतागले, मग लगेच सावरले. छापखान्याची चूक झाली म्हणून सांग, म्हणाले, विषय वाढवू नकोस, नवीन मानपत्र टपालाने पाठवू. सोपं होतं. एक वाक्य, आणि तेही मला माईकवर बोलायला लागणार नव्हतं. वाचन मुख्याध्यापक करणार होते. मी फक्त पाहुणी म्हणून खुर्चीवर बसायचं. ताईंना आधी एकांतात सांगावं म्हणून मी दोनदा त्यांच्यापर्यंत गेले, आणि दोन्ही वेळा कोणीतरी त्यांना हाक मारली. खरं सांगायचं तर हाक आली याचं मला बरंच वाटलं.

शाळेमागे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे (कणकेचे भाजलेले गोळे) पुरले होते. राख झटकून, फोडून, त्यावर वरण आणि झणझणीत वांग्याची भाजी. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. वाढणाऱ्या काकूंना वाटलं मला घरची आठवण आली, त्यांनी आणखी एक रोडगा वाढला. माझ्या भित्रेपणाला आडोसा मिळाला एवढं खरं.

तीनला कार्यक्रम सुरू झाला. पत्र्याच्या मंडपात सगळं गाव होतं. पुढे बायका, मागे पुरुष, कडेने शाळेची मुलं. मुख्याध्यापकांनी किरणताईंना शाल घातली, श्रीफळ दिलं. ताईंनी आता पैठणीच्या काठाची साडी नेसली होती. ती त्यांनी कधीची जपून ठेवली असावी, घड्यांच्या रेघा अजून उठून दिसत होत्या. मग मुख्याध्यापकांनी खाकी कागद फाडला, चष्मा लावला आणि माईकवर दणदणीत वाचायला सुरुवात केली. “श्री. किरण इंगळे, या मातीचे थोर सु…” ते थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

तेवढ्यात मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, “किरनचं लगन नाही झालं, तं पुन्यावाल्यायनं तिले मानूसच करून टाकलं बाप्पा.”

सगळे हसले. हसणं वाईट नव्हतं, गावचं घरगुती हसणं होतं. किरणताईही हसल्या. पण मी शेजारच्या खुर्चीवर होते. शालीची कड त्यांनी मुठीत धरली होती आणि अंगठ्याने दाबून दाबून सपाट करत होत्या, पाकीट बंद करतात तशी. मला कळलं, आज घरी गेल्यावर ही चौकटसुद्धा पाकिटांच्या त्या मांडणीवर जाईल.

मी उठले. माईकपर्यंत पाच पावलं होती आणि त्या पाच पावलांत मी छापखान्याचं वाक्य मराठीत दोनदा जुळवलं. माईक माझ्यासाठी उंच होता, मुख्याध्यापकांनी वाकवला.

“छापखान्याची चूक नाही,” मी म्हणाले. “हे मी लिहिलं. ताई माझ्याशी तीनदा बोलल्या. मी ऐकलं, पण विचारलं नाही.”

मग मी चौकट हातात घेतली आणि पहिल्यापासून वाचलं. ‘हे’च्या जागी ‘या’, ‘त्यांचे’ मात्र तसंच ठेवलं, कारण ते दोघांनाही चालतं. ‘सुपुत्र’ला ऐनवेळी ‘सुकन्या’ सुचलं, पण पुढे बसलेल्या बायकांकडे बघून मी ‘लेक’ म्हणाले. दोन जोडाक्षरांवर अडखळले. शेवटी मानपत्रात नसलेलंही सांगितलं: की दुपारी मी एक ब्युरेट धरली होती, आणि इतका स्वच्छ रंगबदल मला प्रात्यक्षिकांत कधी जमला नव्हता; आणि ताईंच्या प्रयोगशाळेत साहेब शोधायला येणाऱ्याने आत जाऊन माती थेट ताईंच्या हातात द्यावी. मागचा म्हातारा म्हणाला, “आता बराबर झालं,” आणि पहिली टाळी त्यानेच वाजवली.

संध्याकाळच्या गाडीला ताई मला मोपेडवरून सोडायला आल्या. चौकट परत द्या, दुरुस्त करून आणते, असं मी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. “राहू दे. ‘श्री’ची पाकिटं लय हायेत माह्याकडे, चौकट नव्हती. नवं आनशील तवा दोन्ही शेजारी लावू. पन पोस्टानं नको पाठवू. घेऊन ये.”

वळणावर रिसोडहून येणाऱ्या बसचे दिवे दिसले. माझ्या पिशवीत त्यांनी एक पाकीट ठेवलं होतं, मूठभर काळी माती, पाठीवर त्यांच्या अक्षरात ‘मधली, वरच्या वावरातली’. पुण्याहून निघताना मला वाटलं होतं, मी कोणाला तरी मान पोचवायला चालले आहे. परतताना इतकंच समजत होतं की मान देण्याआधी माणसाचं बोलणं त्याच्याच भाषेत ऐकावं लागतं, आणि न कळलं तर विचारावं लागतं. ते मी आता करीन. माझ्या लाजण्याचं काय ते माझं मी बघेन.

बस थांबली. निघताना आपल्याकडे कोणी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतात. आईने लहानपणीच शिकवलं आहे. मी पायरीवर चढले, वळले, आणि ताईंच्या डोळ्यांत बघून, सगळ्या बसला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

“येतो मी.”